४५५ वर अडकलेली मुलगी आणि पुन्हा न उघडलेले पेपर

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातल्या मानेवाड्यात राहणाऱ्या एका ताईंची मुलगी बारावीत आहे, मेडिकलच्या प्रवेशासाठी नीट परीक्षा देणार आहे. सप्टेंबरपासून क्लासच्या रविवारच्या मॉक टेस्टमध्ये ती ७२० पैकी ४४० ते ४६० च्या मध्येच फिरते आहे. रोज बारा तास अभ्यासाला बसते. ताई विचारतात: दुसरी टेस्ट सिरीज लावावी का? फिजिक्स काही केल्या जमत नाही, तर ते सोडून बायोलॉजीवरच जोर द्यावा का? आणि सगळे सांगतात की तुक्का मारू नको, तरी ती मारते, तिला कसं आवरायचं? सोबत शेवटच्या पेपरचे आकडे दिले आहेत. एकूण ४५५. बायोलॉजीत ७१ बरोबर, १५ चूक, ४ सोडले. केमिस्ट्रीत ३० बरोबर, १२ चूक, ३ सोडले. फिजिक्समध्ये २३ बरोबर, १४ चूक, ८ सोडले.

ताई, आकडे पाठवले हे फार बरं केलं. माझ्याकडे येणारे बहुतेक पालक नुसतं "मार्क वाढत नाहीत सर" एवढंच सांगतात, आणि मग अर्धा तास मुलाच्या मोबाइलवर बोलतात. मोबाइलचा प्रश्न आहेच, पण तो नंतर.

टेस्ट सिरीजचं आधी सांगून टाकतो. लावू नका. तिच्या टेबलाखाली सप्टेंबरपासूनचे बारा-पंधरा पेपर पडले असतील. तिला विचारा, यातला कोणता तू पुन्हा उघडलास? उत्तर येईल, "सोल्युशन पाहिलं होतं." सोल्युशन पाहिलं म्हणजे मान हलवली. "हो, असंच होतं, मला येत होतं," म्हणून पान उलटलं. दिवसातून दहादा थर्मामीटर लावला म्हणून ताप उतरत नाही. तिला ताप किती आहे हे गेले तीन महिने दर रविवारी कळतंय. औषध मात्र एकदाही झालेलं नाही.

मी नागपुरात तेवीस वर्षं फिजिक्स शिकवतोय. पहिली दहा-बारा वर्षं मीही हेच करायचो: पेपर घ्यायचा, मार्क लावायचे, भिंतीवर यादी लावायची आणि पुढच्या रविवारी नवा पेपर. यादीत वर असणारी पोरं वरच राहायची, मधली मधेच. मधल्यांचं काही होत नाही याचं कारण मी त्यांच्या मेहनतीत शोधत होतो. पुढे कधीतरी एका मुलाचे सहा पेपर एकत्र घेऊन बसलो आणि दिसलं की तो तीच चूक सहा वेळा करतोय. प्रश्न वेगळा, धडा वेगळा, चूक तीच. तेव्हापासून शिकवणं कमी केलं आणि पेपर घेऊन बसणं वाढवलं.

काटोलकडचा एक मुलगा होता, संत्र्याच्या बागेवाल्या घरातला. त्याचे मार्क तुमच्या मुलीसारखेच, ४३८. बरोबर १२१, चूक ४६, सोडलेले १३. त्याला मी एक रविवार नवा पेपर देऊ दिला नाही. जुना पेपर, कोरे कागद आणि पेन देऊन बसवलं. चुकलेले ४६ प्रश्न सोल्युशन न बघता पुन्हा सोडवायचे, आणि प्रत्येकाला चारपैकी एका ढिगात टाकायचं: काहीच येत नव्हतं, दोन पर्यायांत अडकून चुकीचा धरला, प्रश्नच नीट वाचला नाही, किंवा येत असून आकडेमोडीत नाहीतर उत्तरपत्रिकेवरचा गोळा भरताना चुकलं. त्याला साडेचार तास लागले. पेपर तीन तासांचा आणि त्याची चिरफाड साडेचार तासांची, हे प्रमाण त्याला वेडेपणाचं वाटलं. मला अजूनही तेच योग्य वाटतं.

ढीग असे निघाले: अजिबात येत नव्हतं ते १४, दोन पर्यायांत अडकलेले १५, नीट न वाचलेले १० आणि आकडेमोड किंवा गोळ्याची चूक ७. शेवटचे दोन ढीग बघा, १० आणि ७ मिळून १७ प्रश्न. चुकीचा प्रश्न बरोबर झाला की ४ मिळतात आणि गेलेला १ परत येतो, म्हणजे प्रश्नामागे ५ मार्कांचा फरक. १७ प्रश्नांचे ८५ मार्क. एक पान नवीन न वाचता. हे ८५ सगळेच्या सगळे कोणाच्या हाती लागत नाहीत, मी तसं सांगणारही नाही. पण निम्मे जरी लागले तरी चाळीसेक मार्क होतात, आणि जानेवारीत बसून एवढे मार्क नव्या धड्यांतून काढायचे तर दोन महिने जातात.

आता या "येत होतं पण चुकलं" बद्दल जरा थांबतो, कारण खरी गंमत इथेच आहे. मुलं याला सिली मिस्टेक म्हणतात. आमच्याकडे त्याला भैताडपणा म्हणतात. नाव काही द्या, नाव दिलं की मूल सुटतं. "सर, मले येत होतं, घाईत झालं." घाईत काय झालं ते त्याला विचारा, सांगता येत नाही.

एक उदाहरण घ्या. फिजिक्सचा साधा प्रश्न: एका तारेचा रेझिस्टन्स आर आहे, ती ताणून लांबी दुप्पट केली तर नवा रेझिस्टन्स किती? पर्यायांत २ आर आहे आणि ४ आरही आहे. मुलगी २ आर करते. सोल्युशन बघते, ४ आर. कपाळावर हात मारते, "अरे हो!", आणि वहीत लिहिते: सिली मिस्टेक. तीन आठवड्यांनी प्रश्न येतो की तार अशी ताणली की तिची त्रिज्या निम्मी झाली. ती पुन्हा चुकते. इथे उत्तर १६ आर येतं. ती दुसऱ्यांदा चुकली, कारण पहिल्यांदा नेमकं काय चुकलं ते कोणी तिला लिहायला लावलं नाही. घाई हे कारण नव्हतंच. ताणताना तारेचं आकारमान तेच राहतं, म्हणून लांबी वाढली की जाडी कमी होणारच, हे तिच्या डोक्यात आलं नाही. तिने एकच गोष्ट बदलली, बदलत होत्या दोन. एवढं वाक्य वहीत असतं, "तार ताणली की आकारमान कायम, दोन गोष्टी बदलतात," तर दुसरा प्रश्न तिने हातोहात सोडवला असता.

म्हणून चुकांची एक वही करायला सांगा. जाडी, शंभर पानी, सगळ्या विषयांना एकच. तीत सोल्युशन उतरवायचं नाही. ते छापील असतंच. तीत दोनच ओळी: मी काय धरलं होतं, आणि काय धरायला हवं होतं. स्वतःच्या भाषेत, मराठीत लिहिलं तर उत्तम. काटोलच्या मुलाच्या वहीत असं काहीबाही होतं: "व्यास दिला होता, मी त्रिज्या समजलो, तिसऱ्यांदा." "सेंटिमीटरचं मीटर केलं नाही." "इनकरेक्ट विचारलं होतं, पहिलं करेक्ट दिसलं तेच टिकलं." हे शेवटचं त्याच्या पहिल्या तीन पानांत पाच वेळा होतं. पाचव्यांदा लिहिताना त्याला स्वतःचाच राग आला. त्या दिवसापासून तो प्रश्नातल्या "नॉट" आणि "इनकरेक्ट" या शब्दांभोवती गोल करायला लागला. ही युक्ती मी शंभर वेळा फळ्यावर सांगितली असेल. फळ्यावर सांगून ती लागत नाही.

चुकलेला प्रश्न तीन-चार दिवसांनी पुन्हा सोडवायचा, मग दहा-बारा दिवसांनी, उत्तर झाकून. दोन्ही वेळा सुटला तर त्यावर काट मारायची. वही फुगत गेली तर समजायचं की लिहिणं चालू आहे आणि परत बघणं बंद आहे.

रोजच्या बारा तासांबद्दलही इथेच बोलतो. बारा तास बसते हे खरं असेल, पण त्यात वाचते किती आणि पुस्तक मिटून आठवते किती? रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. आपल्या मुलांना पहिला भाग रोज जाणवतो: वाचून झालं की सगळं येतंय असं वाटतं. रविवारच्या पेपरात दुसरा भाग भेटतो. एनसीईआरटीचं बायोलॉजी चौथ्यांदा हायलाइट करण्याऐवजी धडा मिटून कोऱ्या कागदावर आकृती काढायला लावा, नावं द्यायला लावा. बारा तासांऐवजी आठ तास होतील आणि ती जास्त थकेल. थकू द्या.

आता तुक्का. इथे माझं मत बऱ्याच सरांपेक्षा वेगळं आहे, आणि ते हिशेबाने वेगळं आहे.

बरोबरला ४, चुकीला उणे १. चार पर्यायांतून अगदी डोळे मिटून बोट ठेवलं तर चारांत एकदा बरोबर यायचं: ४ मिळाले, ३ गेले, चार प्रश्नांमागे १ मार्क फायदा. म्हणजे निव्वळ आंधळ्या तुक्क्यातसुद्धा तोटा नाही. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर तीन प्रश्नांमागे २ मार्कांचा फायदा. दोन खोडता आले तर दोन प्रश्नांमागे ३ मार्कांचा. असा हिशेब असताना दोन पर्याय खोडलेला प्रश्न "रिस्क नको" म्हणून सोडून येणं म्हणजे ताटातली पोळी परत करणं.

मग सर लोक तुक्का मारू नका असं काहून म्हणतात? कारण पोट्टे डोळे मिटून मारतच नाहीत. अर्धवट आठवतं आणि त्या अर्धवट आठवणीवर मारतात. पेपर काढणारा कसलेला असतो, तो नेमका त्या अर्धवट आठवणीसाठीच एक पर्याय ठेवतो. वरच्या तारेच्या प्रश्नातला २ आर तिथे उगाच बसलेला नाही. त्यामुळे अर्धवट येणाऱ्या मुलाचा तुक्का कधी कधी आंधळ्या तुक्क्यापेक्षाही वाईट निघतो. पाचांत एक बरोबर आला तर ४ मिळाले, ४ गेले, हिशेब शून्य. त्याच्या खाली गेलं की खिशातून जातं.

तेव्हा मुलीला आवरू नका, मोजायला लावा. प्रश्नपुस्तिकेवर प्रत्येक प्रश्नाशी एक खूण: नक्की येतं त्याला ठिपका, दोन पर्यायांत अडकलं त्याला दोन रेघा, अंदाजाने मारलं त्याला फुली. पेपर तपासल्यावर विषयवार मोजायचं. चार पेपरांचं एकत्र करा, एकाच पेपरावर निष्कर्ष काढू नका. माझ्याकडच्या एका मुलीच्या चार पेपरांत बायोलॉजीतल्या दोन रेघावाल्या २२ पैकी १४ बरोबर निघाल्या, म्हणजे ४८ मार्कांचा निव्वळ फायदा. आणि ही मुलगी भीतीपोटी निम्म्याहून जास्त असे प्रश्न आधी सोडून येत होती. तिच्याच फिजिक्सच्या फुल्या २४ होत्या आणि बरोबर फक्त ३: मिळाले १२, गेले २१. तिला सांगितलं, बायोलॉजीत दोन रेघा असतील तर बिनधास्त गोळा भर, फिजिक्समध्ये फुली असेल तर पुढे जा. तिच्या मैत्रिणीचं गणित कदाचित उलटं निघालं असतं. "तुक्का मारावा की नाही" याचं सगळ्यांना एक उत्तर नसतं. तुमच्या मुलीचं उत्तर तिच्याच चार पेपरांत पडलंय.

तुमच्या मुलीने पेपरात १५ प्रश्न सोडलेत आणि ४१ चुकलेत. माझा अंदाज असा की जे सोडले त्यांतले काही करायचे होते आणि जे केले त्यांतले काही सोडायचे होते. खुणा केल्या की दिसेल.

फिजिक्सचं. सोडायचं नाही. ७२० पैकी १८० मार्क तिथे आहेत. बायोलॉजीत तिचे २६९ आहेत, तिथल्या १५ चुकांपैकी ८ दुरुस्त झाल्या तर ३०९, आणि त्यापुढे प्रत्येक मार्क महाग होत जातो. फिजिक्समध्ये ती ७८ वर आहे, तिथे अजून स्वस्त मार्क पडलेत. माझ्या अनुभवात मधल्या मुलांनी आधी घ्यायचे धडे असे: मॉडर्न फिजिक्स सगळं, सेमीकंडक्टर, करंट इलेक्ट्रिसिटी, युनिट्स आणि डायमेन्शन्स, रे ऑप्टिक्स, थर्मोडायनॅमिक्स. यांत प्रश्नाचा साचा ओळखू येतो आणि गणित लहान असतं. रोटेशनल मोशन शेवटी ठेवा. तो धडा न आल्याने कोणाचं एमबीबीएस गेलेलं मी पाहिलेलं नाही, पण त्यात महिना घालवून बाकी सगळं कच्चं ठेवलेले बरेच पाहिलेत. केमिस्ट्रीबद्दल फार काही बोलत नाही, तो माझा विषय नाही. एवढंच दिसतं की इनऑरगॅनिकला एनसीईआरटीच्या ओळी लागतात आणि मुलं तिथे नोट्स वाचत बसतात.

पेपर सोडवण्याचा क्रम. २०२५ पासून नीटमध्ये १८० प्रश्न, सगळे सोडवायचे आणि १८० मिनिटं. त्याआधीची काही वर्षं प्रत्येक विषयात ऐच्छिक प्रश्नांचा भाग होता, आणि वेळही पुढे २०० मिनिटं झाली होती. ती सोय गेली. त्यामुळे जुन्या सिनिअर मुलांचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. २०२५ चा फिजिक्सचा भाग अवघड निघाला आणि जी पोरं सवयीने फिजिक्सपासून सुरू करत होती, त्यांचा पहिल्या तासातच धीर सुटला. बायोलॉजीपासून सुरुवात, ९० प्रश्नांना पन्नास मिनिटांच्या आत, गोळे भरून. मग केमिस्ट्री पन्नासेक मिनिटं. फिजिक्सला तास, आणि हाताशी वीस मिनिटं. प्रत्येक विषयात पहिल्या फेरीत दीड मिनिटाहून जास्त कुठल्याही प्रश्नाशी झोंबायचं नाही. सोडून पुढे जायला जिवावर येतं, विशेषतः हुशार मुलांच्या. सातवीपासून त्यांना शिकवलेलं असतं की हातचा प्रश्न सोडायचा नाही.

गोळ्यांचं दोन वाक्यांत होणार नाही. काटोलच्या मुलाने एका मॉकमध्ये ७३ वा प्रश्न सोडला आणि ७४ चं उत्तर ७३ च्या रांगेत भरलं. ८१ वर गेल्यावर लक्षात आलं. शाईने भरलेला गोळा खोडता येत नाही. आठ उत्तरं गेली, वर दहा मिनिटं हात थरथरत होते. त्यानंतर आम्ही ठरवलं: पुस्तिकेचं एक पान सोडवून झालं की त्या पानाचे गोळे एकदम भरायचे, नंबर मनात म्हणत, आणि ५ किंवा ० ने संपणाऱ्या नंबरावर थांबून पुस्तिकेशी जुळवायचं. शेवटच्या दहा मिनिटांत एकदम १८० गोळे भरू नयेत. घरच्या प्रत्येक सरावाला ओएमआरची, म्हणजे गोळ्यांच्या उत्तरपत्रिकेची, झेरॉक्स घ्या. पेनाने भरा, पेन्सिलने नाही. परीक्षा केंद्रावर पेनही तेच देतात, स्वतःचा आवडता पेन चालत नाही, म्हणून स्वस्त बॉलपेनने भरायची सवय असलेली बरी.

मुलीचं शिक्षण सेमी-इंग्रजीतून झालं असेल आणि मराठी पुस्तिका निवडावी की काय असा विचार असेल, तर मराठी पुस्तिकेत इंग्रजी मजकूरही असतो. भाषांतरात खटका आला तर इंग्रजीच अंतिम धरतात. दोन्ही वाचत बसायचं ठरवलं तर वेळ पुरत नाही. कुठलं वाचायचं ते आत्ताच ठरवून त्याचीच सवय करायची.

ती एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षाही देणार असेल, फार्मसी किंवा अॅग्रिकल्चरसाठी पर्याय म्हणून, तर तिथे डोकं बदलायला हवं. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे फुलीवाला प्रश्नसुद्धा रिकामा ठेवणं गुन्हा. फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, बायोलॉजीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, संगणकावर, राज्य मंडळाच्या पुस्तकांवर, आणि अकरावीचा वाटा साधारण २० टक्के. प्रश्न सरळ असतात, वेग मारतो. नीटची सवय लागलेली मुलं तिथे एकेका प्रश्नात सापळा शोधत बसतात. मुलीला सीईटीआधी निदान चार पूर्ण पेपर संगणकावर देऊ द्या. मार्कांवरून पर्सेंटाइल काढायचा खटाटोप घरी करू नका, वेगवेगळ्या शिफ्टचं ते गणित बाहेरून जुळत नाही.

फेब्रुवारीत बोर्ड आहे. बोर्डाच्या महिन्यात मॉक बंद करा आणि चुकांची वही तेवढी चालू ठेवा, दिवसाला वीस मिनिटं. बस.

आता तुमच्या हातातलं. पेपर संपवून मुलगी घरी आली की "किती आले?" विचारू नका. "कुठे गेले?" विचारा. पहिल्याचं उत्तर आकडा असतो आणि तो ऐकून तुमचा चेहरा बदलतो, आणि मुलगी पुढच्या वेळी पेपराआधी तुमचा तो चेहरा आठवते. दुसऱ्याचं उत्तर द्यायला तिला पेपर उघडावा लागतो. शेजारच्या काकू, मामा, व्हॉट्सअॅपवरचा नातेवाइकांचा ग्रुप, यांना मार्क कळवणं बंद करा. क्लासवाल्यांकडूनही ही अपेक्षा आहे, पण मी ज्या एका नावाजलेल्या क्लासमध्ये काही वर्षं काम केलं तिथे रँकची यादी जिन्यात लावायचे आणि पेपरची चिरफाड "वेळ मिळाला तर" होती. तुमच्या क्लासला सरळ विचारा, रविवारच्या पेपरनंतर सोमवारी काय करता? मोबाइलचं म्हणाल तर पेपराच्या दिवशी आणि चिरफाडीच्या दिवशी तो तुमच्याकडे. बाकीचे पाच दिवस भांडू नका, हरता.

आणि शेवटचं, जे नागपूरकरांना तरी सांगायला नको, पण दरवर्षी सांगावं लागतं. नीट दुपारी २ ते ५ असते, साधारण मेच्या पहिल्या रविवारी. क्लासचे मॉक बहुतेक सकाळी असतात. आपल्याकडे मार्चपासून दुपारी जेवण झालं की कूलर लावून सगळं घर आडवं होतं, आणि मुलं रात्री दोनपर्यंत जागतात म्हणून त्यांना तर दुपारची झोप लागतेच. दोन महिने ज्या मेंदूला दुपारी दोनला झोपायची सवय लावली, त्याला परीक्षेच्या दिवशी दोन वाजता मायटोकॉन्ड्रिया आठवायला सांगायचं! बोर्ड संपलं की मॉक दुपारी २ ला, पंख्याखाली, कूलर न लावता. केंद्रावरच्या वर्गात कूलर असेलच असं नाही. रात्री अकराला दिवा बंद.

केंद्राचं फाटक दीडला बंद होतं, आणि शहरात केंद्र कुठे येईल ते आधी माहीत नसतं. ते कळलं की आदल्या दिवशी दुपारच्याच वेळी एकदा जाऊन या, मेट्रोने किंवा गाडीने, म्हणजे किती वेळ लागतो आणि सावली कुठे आहे ते कळेल. बारा वाजताच्या उन्हात रांगेत उभं राहावं लागतं. अर्ध्या बाह्यांचा फिकट कपडा, साधी चप्पल, कारण बूट चालत नाहीत, आणि पाण्याची पारदर्शक बाटली. दुपारचं जेवण हलकं, अकराच्या आत. ताक चालेल, सावजी नको.

आणि कांदा घरी ठेवायचा. दोन वर्षांपूर्वी एका मुलाच्या खिशातून तपासणीत कांदा निघाला. ऊन लागू नये म्हणून आजीने ठेवला होता. तपासणाऱ्याने तो दोनदा उलटसुलट करून पाहिला, सोलून बघावा की काय असा त्याचा चेहरा झाला, आणि मुलाची रांगेतली पाच मिनिटं आणि सगळा धीर त्यात गेला. आजीची समजूत घालायची असेल तर कांदा तुमच्या पर्समध्ये राहू द्या, तुम्हीही तीन तास बाहेर उन्हातच उभ्या असणार आहात.